भगवानराव पंगतीला बसले

कळंबात कुणाचं लग्न असो, नामकरण असो की तेरवी, पंगत बसली की लोक आधी वरणाची बादली कुणाच्या हातात आहे ते पाहायचे. ती भगवानराव मुनेश्वरांच्या हातात असली की सगळे निश्चिंत व्हायचे. भगवानराव तळापासून ढवळून वाढणार आणि वरण शेवटच्या पत्रावळीपर्यंत पोचणार, याबद्दल कुणाला शंका नसे.

भगवानरावांची चिंतामणीच्या देवळाच्या रस्त्याला पिठाची गिरणी आहे. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटक, भुवयांवर कायम पिठाचा हात फिरलेला. दिवसभर गिरणीपाशी उभे आणि संध्याकाळी कुठे कार्यक्रम असला की तिथेही उभेच. यजमान म्हणायचे, "भगवानराव, बसा ना आता." ते म्हणायचे, "तुमचं होऊ द्या, माह्यं काई नाई." मग सगळ्यांची जेवणं उरकून भांडी घासायला निघाली की ते मांडवाच्या खांबाला टेकून, उभ्याउभ्याच, गार झालेल्या पुऱ्या आणि परातीच्या तळाचा बुंदीचा चुरा खायचे.

एकदा जयंतीच्या भोजनदानात माईकवरून कुणीतरी म्हणालं, "सेवा काय असते हे पाह्याचं असंल तं भगवानरावाले पाहा." टाळ्या पडल्या. भगवानराव तेव्हा मांडवाच्या मागच्या टोकाला पाण्याचा जग घेऊन येरझारा घालत होते. त्यांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

खरी गोष्ट एवढीच होती की भगवानरावांना बसताच येत नव्हतं.

हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, सत्यशीलाबाईंना. काही वर्षांपासून दिवेलागण झाली आणि भगवानराव जरा टेकले की त्यांच्या पोटऱ्यांत काहीतरी सुरू व्हायचं. दुखणं म्हणावं तर दुखत नव्हतं. मुंग्या म्हणाव्या तर त्या कातडीवर येतात, हे आत होतं, हाडाला लागून. "कपाशीचं बोंड बाहेरून कसं टणक दिसते," ते बायकोला समजावून सांगायचे, "अन् आतमंधी अळी फिरून राह्यते, तसं." उठून चार पावलं चाललं की अळी गायब. परत बसलं की परत हजर. सकाळी मात्र पाय अगदी शहाण्यासारखे वागायचे, त्यामुळे डॉक्टरकडे जाऊन दाखवायचं काय हाच प्रश्न होता.

झोपेतही पाय स्वस्थ नसत. दर थोड्या वेळाने झटका, आणि तो बहुतेक सत्यशीलाबाईंच्या नडगीवर. "तुम्ही रातभर सायकल चालवून कुठं जाता?" त्यांनी एकदा सकाळी विचारलं. "पोचता तरी काय?" त्या दिवसापासून त्यांनी आपली खाट पलीकडच्या भिंतीला नेली.

उपाय पुष्कळ झाले. शेजारी म्हणाले वात आहे, म्हणून तिळाचं तेल चोळलं. जुन्या लुगड्याचे काठ फाडून पोटऱ्यांना करकचून बांधले. मेडिकलवाल्याने झोप लागावी म्हणून सर्दीची गोळी दिली. ती घेतली की डोळे मिटायचे, पण पाय दुप्पट जागे व्हायचे. सासूबाई पाहुण्या आल्या तेव्हा त्यांनी जावयाच्या गादीखाली अडकित्ता ठेवला, लोखंड असलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत म्हणून. स्वप्नं पडायला आधी झोप लागावी लागते, हे त्यांना सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

मग विहारात एक भंते आले. संध्याकाळी तासभर ध्यान शिकवायचे. भगवानरावांना वाटलं, हेही करून पाहू. भंते म्हणाले, "पाय हलवायचा नाही. जी संवेदना येते ती फक्त पाहत राहायची. ती येते आणि ती जाते." भगवानराव डोळे मिटून पाहत राहिले. संवेदना आली. ती गेली तर नाहीच, उलट दुसऱ्या पायातल्या बहिणीलाही तिने बोलावून घेतलं. शेवटी ते हळूच उठून बाहेर गेले आणि काहीतरी करायचं म्हणून सगळ्यांच्या चपला जोडीने लावत बसले. बसले म्हणजे वाकून उभे राहिले. तास संपल्यावर लोक बाहेर येतात तर चपलांची ही लांब, सरळ रांग. भंतेंनी दुसऱ्या दिवशी त्यावर प्रवचन केलं.

असा तो मोठेपणा. न मागता घरी चालत आलेला, त्याला परत कुठल्या तोंडाने पाठवायचं हे भगवानरावांना कळेना. आणि खोटं कशाला, थोडा आवडायलाही लागला होता.

पण मोठेपणा कळंबपुरता होता. राजूरला तो कुणाला माहीत नव्हता.

भगवानरावांची एकुलती मुलगी निशिगंधा तेव्हा यवतमाळला शाळेत शिकवायची. तिच्यासाठी राजूरच्या रामराव ताकसांड्यांच्या मुलाचं, राजदीपचं स्थळ आलं. पोरगा वणीला इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात, स्वभावाने सरळ. मुलाकडची मंडळी कळंबला येऊन गेली ती सकाळच्या वेळी, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. मग घर पाहायला भगवानराव आणि सत्यशीलाबाई राजूरला निघाले. एसटीत अडकून बसल्याने पाय दुपारीच कुरकुरायला लागले, तेव्हा राळेगावला भगवानरावांनी एका म्हाताऱ्याला जागा देऊन टाकली आणि पुढचा सगळा रस्ता दांडा धरून काढला. म्हाताऱ्याने भरभरून आशीर्वाद दिले. बस वाटेत बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत वेळ गेला, आणि ताकसांड्यांच्या घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता.

घर नीटनेटकं. अंगणात पेरूचं झाड, पानांवर कोळशाची बारीक काळी धूळ. बैठकीत नवा सोफा, त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सोफा इतका खोल की बसलं की गुडघे छातीशी येत. भगवानरावांना त्यात बसवण्यात आलं आणि समोर रामराव बसले.

रामराव कोळसा खदानीतून रिटायर झालेले. खदानीत एकदा पाणी शिरलं होतं तेव्हा आपण आणि दोन सोबती कसे वर आलो, ही त्यांची आवडती गोष्ट. ती नव्या पाहुण्यांना ते पहिल्यापासून, सावकाश सांगत. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा भगवानराव उठले आणि हातपाय धुऊन येतो म्हणाले. परत आले. रामरावांनी मान राखून पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी पुन्हा कमरेपर्यंत आलं, भगवानराव पेरू पाहून येतो म्हणून उठले. तिसऱ्यांदा त्यांच्या फोनला रेंज नव्हती.

तेवढ्यात राजदीपची आई, कौसल्याबाई, पोह्यांच्या बशांचा ट्रे घेऊन आल्या. भगवानरावांना जणू सुटकेचा दरवाजा उघडला. "आणा ताई, मी देतो," म्हणत त्यांनी ट्रे हातातून घेतला आणि सगळ्यांना पोहे वाटले. मग पाणी दिलं. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहाची किटली घेऊन आले. सत्यशीलाबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, पण भगवानराव रामरावांच्या कपात चहा ओतण्यात दंग.

रामरावांनी कप खाली ठेवला. "भगवानराव," ते शांतपणे म्हणाले, "आमच्या घरी पाहुण्याले द्याले माणसं नाईत असं वाटलं काय तुम्हाले?"

"नाई नाई, तसं नाई."

"मी तीनदा गोष्ट सुरू केली, तुम्ही तीनदा उठून गेले. आता आमच्याच घरात आम्हाले चहा पाजून राह्यले. पोरगी द्याची नसंल तं तसं सांगा. आमचा राग नाई."

भगवानराव किटली हातात धरून उभे. शेवटी सत्यशीलाबाईच म्हणाल्या, "त्यायले बसताच येत नाई हो."

रामरावांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मूळव्याध काय? मंग आधीच सांगाचं ना."

"मूळव्याध नाई. पाय."

आणि मग भगवानरावांना परक्या घरात, होणाऱ्या जावयासमोर, सगळं सांगावं लागलं. बोंडातली अळी, दिवेलागण, सायकल. सांगताना त्यांनाच ते वेडगळ वाटत होतं. रामराव आणि राजदीप एकमेकांकडे पाहत राहिले. कौसल्याबाई मात्र दारातून पुढे आल्या.

"उठून चाललं की थांबते?"

"थांबते."

"अन् बाहेरून काईच दिसत नाई. सूज नाई, लाली नाई."

"काईच नाई."

"भाऊ, मले राजदीपच्या वेळेस झालतं. शेवटचे महिने. याच अंगणात फिरत राहो. सासू म्हणे, पोट्टा हिंडता निघन." सगळ्यांनी राजदीपकडे पाहिलं. तो वणीच्या पलीकडे फारसा कधी गेलेला नव्हता. "आमच्या डॉक्टरीनबाईनं रक्ताच्या गोळ्या देल्ल्या, अन् बाळंतपण झाल्यावर आपोआप गेलं. घरच्यायनं मात्र नखरे म्हणून घेतलं. हे नखरे नाईत भाऊ. बिमारी आहे. कोणाले तरी दाखवा."

भगवानरावांनी किटली ठेवली. इतक्या वर्षांत आपल्यासारखं दुसरं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटत होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी पुन्हा पाण्याचा जग उचलला, तो कौसल्याबाईंनी काढून घेतला.

"चाला मंग," रामराव उठत म्हणाले, "फिरता फिरता सांगतो." दोघे अंगणात पेरूभोवती गोल गोल फिरत राहिले आणि खदानीतली तिन्ही माणसं त्या संध्याकाळी एकदाची वर आली. सोयरीक ठरली.

हे कळल्यावर निशिगंधाने बापाला एक दिवसही मोकळं सोडलं नाही. यवतमाळला डॉ. सुरभी राठोड म्हणून तरुण डॉक्टर आहेत, मूळच्या पुसदकडच्या. त्यांच्याकडे तिने दोघांना नेलं. भगवानरावांची तयारी हसं करून घ्यायची होती. पण डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि प्रत्येक प्रश्न असा, की जणू त्या पलीकडच्या खाटेवर झोपून सगळं पाहत होत्या. बसल्यावर होतं की चालताना? संध्याकाळी जास्त की सकाळी? हलवलं की बरं वाटतं? घरात आणखी कुणाला होतं?

"माह्या मायले," भगवानराव आठवून म्हणाले. "रोज सांजच्याले आम्हा पोट्ट्यायले तिच्या पोटऱ्यायवर उभं करे. आम्हाले वाटे लाड करून राह्यली."

"काका, याला नाव आहे," डॉक्टर म्हणाल्या. "रेस्टलेस लेग्ज. स्वस्थ न बसणारे पाय. बिघाड पायात नसतो. मेंदूकडून पायांना जो निरोप जातो, त्यात गडबड असते. कधी घराण्यातून येतं, कधी बायकांना गरोदरपणात होतं, कधी शरीरातलं लोह कमी पडलं की होतं. संध्याकाळी काय घेता?"

"चहा. अन् एक तंबाखूचा खर्रा."

"एक?" सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"दोन-तीन."

"दोन्ही गोष्टी याला चेतवतात. ती सर्दीची गोळीही बंद. आणि रक्तदान वगैरे करता का?"

इथे भगवानराव खुर्चीत ताठ झाले. घरात भिंतभर प्रमाणपत्रं होती. "करतो ना मॅडम. जयंतीले, सहा डिसेंबरले, गणेश मंडळाच्या शिबिरात. अन् मधात कोणाले लागलं तं आहोच आपण."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन शिबिरात चालून जाईल इतकंच, काठावर होतं. पण शरीरातला लोहाचा साठा, ज्याला फेरिटिन म्हणतात, तो पार तळाला गेला होता.

"घरावरची टाकी भरलेली दिसते," डॉक्टरांनी समजावलं, "म्हणून शिबिरवाले तुम्हाला पास करतात. पण विहीर आटली आहे. मेंदूला लोह लागतं, ते मिळेना की तो संध्याकाळी पायांच्या मागे लागतो. रक्तदान चांगलंच आहे, पण विहिरीला भरायला वेळ तरी द्यायला हवा ना."

सत्यशीलाबाई विचार करून म्हणाल्या, "आमच्या आईनं तं गादीखाली लोखंडच ठेवलतं."

"औषध बरोबर होतं," डॉक्टर आता मात्र हसल्या. "फक्त पोटात जायला हवं होतं."

पुरुष माणसाचं लोह एवढं कमी असेल तर पोटातून रक्त जात नाही ना हे पाहावंच लागतं, म्हणून त्यांनी आणखी तपासण्या करून घेतल्या. त्यांत काही निघालं नाही. मग लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, चहाच्या आसपास नाही. आपल्या मनाने वाढवायच्या नाहीत, कारण लोह जास्त झालं तर तेही घातक. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याने भागलं नाही तर दुसऱ्या गोळ्या आहेत, पण त्या नंतर. आणि आपण सांगू तोवर रक्तदान बंद.

हे शेवटचं भगवानरावांना लागलं. "लोक काय म्हणतीन?" ते बाहेर आल्यावर म्हणाले.

"म्हणतीन, टाकी बंद आहे," निशिगंधा म्हणाली.

पहिल्या महिन्यात गोळ्यांनी एवढंच केलं की शौचाला काळं होऊ लागलं आणि पोट साफ होईना. खर्रा सुटताना भगवानराव इतके तिरसट झाले की बाया दळण घेऊन आल्या की आधी दारातून चेहरा पाहायच्या. रात्री जेवणाआधी ते चौकापर्यंत चालून यायचे, मग पाय गरम पाण्यात ठेवून पोटऱ्या चोळायचे. दुसऱ्या महिन्यात फरक पडतोय की नाही यावर नवराबायकोचं एकमत होत नव्हतं.

मग एका संध्याकाळी भगवानरावांनी टीव्हीवरची मालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिली. सत्यशीलाबाईंचं मालिकेत लक्ष लागेना. त्या सारख्या नवऱ्याकडे वळून पाहत होत्या.

"बरं वाटून नाई राह्यलं काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काहून?"

"बसून आहा तुम्ही."

भगवानरावांनी पायांकडे पाहिलं. पाय तिथेच होते, गप्प. त्या आठवड्यात सत्यशीलाबाईंची खाट अर्ध्या खोलीपर्यंत परत सरकली. पुढच्या तपासणीपर्यंत बाकीची अर्धीही.

खरा घोटाळा पुढे झाला. ओळखीच्या एका घरी तेरवी होती. स्वयंपाक नेहमीप्रमाणे देवराव आचाऱ्यांकडे. पंगत बसायला लागली आणि देवरावांनी वरणाची बादली भरून भगवानरावांसाठी बाजूला काढून ठेवली. भगवानराव आले, पत्रावळीसमोर मांडी घातली आणि बसले. अख्खी ओळ त्यांच्याकडे पाहायला लागली. वाढणारा पोरगा त्यांच्यासमोर आला, गोंधळला आणि त्याने बादली त्यांच्या हातात देऊ केली. "अबे, वाढ ना," भगवानराव म्हणाले.

त्या दिवशी त्यांना एक शोध लागला. पहिल्या पंगतीत पुरी फुगलेली असते. भात वाफाळलेला असतो. बुंदीचे दाणे एकमेकांपासून वेगळे असतात. इतकी वर्षं लोक हे जेवत होते आणि आपण यांना वाढून तळातला चुरा खात होतो, या विचाराने त्यांनी आणखी दोन पुऱ्या मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी देवराव आणखी दोघांना घेऊन गिरणीवर आले. चेहरे गंभीर.

"भगवानराव, कोणाचं काई चुकलं काय?"

"नाई."

"कोणी काई बोललं काय? काल तुम्ही बसले, तं गावात बोलणं सुरू आहे. नाराज आहा म्हणते."

भगवानरावांनी गिरणीचा पट्टा थांबवला आणि आज खरं सांगून टाकायचंच असं ठरवलं. आपल्याला बसताच येत नव्हतं, पायांत वळवळ होती, म्हणून आपण वाढत होतो. चपलाही त्याचपायी लावल्या. सेवा वगैरे काही नव्हती, बिमारी होती, आता औषध चालू आहे. देवराव लक्ष देऊन ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हात जोडले.

"पाह्यलं काय?" ते सोबत्यांना म्हणाले. "एवढी वर्षं लोकायची सेवा केली, अन् आता म्हणते बिमारी होती. असा माणूस पाह्याले भेटते काय कुठं?"

भगवानरावांनी पुन्हा समजावलं. जितकं समजावलं तितका मोठेपणा वाढत गेला. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि पट्टा सुरू केला.

निशिगंधाचं लग्न झालं. मंगल परिणयाचा सगळा विधी भगवानराव पुढच्या खुर्चीवर बसून पाहू शकले. आता राजूरहून फोन आला की कौसल्याबाई आधी पायांचीच चौकशी करतात आणि मग पोरीला फोन देतात. सगळं अगदी आटोपलंय असं नाही. एखाद्या लग्नात मोह होऊन संध्याकाळी दोन कप चहा झाला किंवा फार दगदग झाली, की अळी येऊन जाते. मग भगवानराव उठतात, बादली घेतात, दोन ओळी वाढून परत येऊन बसतात. फेरिटिन वर आलंय. रक्तदानाचं डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या वर्षी पाहू, तेही वर्षातून एकदाच.

तोवर भगवानरावांनी दुसरा उद्योग काढला आहे. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ते विचारतात, "सांजच्याले पायात वळवळते काय?" सत्यशीलाबाईंनी पुष्कळदा सांगून पाहिलं की असं विचारू नये. काही बाया हसतात, काहींनी दुसरी गिरणी धरली. परवा शाळेपाशी भाजी विकणाऱ्या इंदुताई ज्वारीचा डबा घेऊन आल्या. भगवानरावांनी त्यांनाही विचारलं. त्यांनी डोक्यावरचा डबा हळूच खाली ठेवला आणि मागे कुणी उभं नाही ना ते पाहिलं.

"तुम्हाले कोणं सांगतलं?" त्या म्हणाल्या. "मी तं घरातही कोणाले बोलली नाई."

भगवानरावांनी गिरणी बंद केली आणि आतून दोन स्टूल आणले.